आवाज नीलमचा, तोंड शालूबाईचं

नीलमनं शालूबाईला पहिल्यांदा पाहिलं ते खासबागेतल्या आण्णाप्पाच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये. पाहिलं म्हणण्यापेक्षा, ऐकू न आलेल्या एका वाक्यानं ती तिच्या लक्षात आली, असं म्हणणं जास्त बरोबर होईल.

शिवजयंती तोंडावर आली होती. बेळगावात ही मिरवणूक वैशाखात निघते. मंडळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बुरूज, दरवाजे, झोपड्या उभ्या करतात आणि गल्लीतलीच माणसं त्यावर एखादा प्रसंग करून दाखवतात. ट्रॉली चौकात थांबली की प्रसंग होतो, ती पुढं सरकते, आणि पुढच्या चौकात तोच प्रसंग पुन्हा होतो. पाहुण्यांना यातली एक गोष्ट सहसा कळत नाही. ट्रॉलीवरची माणसं बोलत नसतात. बोलणं आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं, ते कर्ण्यांतून येतं. वरच्यांनी नुसते ओठ हलवायचे आणि हातवारे करायचे.

त्या वर्षी मंडळाला आई हवी होती. थोरला मुलगा लढाईत पडलाय आणि धाकट्याच्या कमरेला तलवार बांधून ती त्याला धाडते आहे, असा प्रसंग. आदल्या वर्षी मिशी काढलेल्या एका गड्याला लुगडं नेसवून उभं केलं होतं, तर ऐन दुःखाच्या जागी चौक हसला. म्हणून नागेंद्र अण्णा या वेळी खरी बाई शोधत होता. नागेंद्र म्हणजे उद्यमबागेत लेथवर काम करणारा आणि वैशाख जवळ आला की दिग्दर्शक होणारा माणूस. एकट्यानं जाऊन बायकांना 'ट्रॉलीवर चढता काय' असं विचारायची त्याची छाती नव्हती. म्हणून त्यानं नीलमला बरोबर घेतलं.

शेडमध्ये पाऊल टाकलं की खडखडाट असा, की आपण खोकलो तर तेही आपल्याला कळू नये. नागेंद्र आण्णाप्पाच्या कानाला तोंड लावून ओरडत होता. अगदी टोकाच्या मागावर चाळिशीची एक बाई उभी होती. रुंद हाडाची, काळीसावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिची नजर नागेंद्रच्या तोंडावर होती. मग ती समोरच्या मागावरच्या बाईकडं वळली आणि आवाज न काढता काहीतरी म्हणाली. तिचे ओठ इतके स्वच्छ हलले की नीलमला शेडच्या दारातून ते वाचता आलं.

"मीच करतो."

आणि वर्गात गुरुजींनी प्रश्न विचारायच्या आधीच एखादी मुलगी हात वर करते, तसा तिनं हात वर केला.

मागावरच्या बायका दिवसभर अशाच बोलतात, हे नीलमला नंतर कळलं. खडखडाटात आवाजाचा उपयोग नाही, म्हणून एकेक अक्षर ओठांनी उघडून दाखवायचं. आणि आवाज काढायचाच झाला तर तो शेडच्या पलीकडं जाईल एवढा काढायचा. ही सवय घरी गेल्यावरही सुटत नाही. शालूबाई शेजारच्या माणसाशी कुजबुजली तरी समोरच्या घरात समजे.

बाहेर चहाच्या गाड्यावर नागेंद्रनं विचारलं, "ह्याच्या आधी कधी काम केलंयस काय, आक्का?"

"न्हाय."

"मग जमंल?"

"तुमचा तो मिशी काढलेला बाप्या तरी कुठं आई झालता?" शालूबाई म्हणाली. "मला बघून बायका रडल्या न्हाईत तर नाव बदला माझं. आमच्या नंदगडकडं इचारा कुणालाबी. मी लग्नात नुसती उभी ऱ्हायलो तरी लोक माझ्याकडंच बघत्यात."

ती 'मी उभी ऱ्हायलो' असंच म्हणाली. त्या बाजूच्या बायका स्वतःविषयी अशाच बोलतात. नीलम पोट धरून हसली. त्या दिवशी तिला ती बाई आवडली होती. पुढं हे तिचं तिलाच आठवेनासं झालं.

आता नीलमविषयी. ती पतसंस्थेत काउंटरवर बसायची. नवरा इलेक्ट्रिकच्या दुकानात, सासू प्रेमळ, तक्रार करावी असं काही नाही. पण या सगळ्यात तिचं म्हणावं असं एकच होतं, तिचा आवाज. खालच्या पट्टीतला, ओलसर, पाण्यानं भरलेल्या घागरीसारखा. शाळेत असताना वक्तृत्वस्पर्धेसाठी बाईंनी तिला निवडलं होतं. वर्गात ती भाषण करायची तेव्हा मुलं श्वास रोखून ऐकायची. पण दुसऱ्या शाळेच्या सभागृहात तिनं समोर ओळीनं बसलेली तोंडं पाहिली, आणि पहिलं वाक्यच आठवेना. बाई खालून ओठ हलवून सांगत होत्या, तेही तिला दिसेना. ती तशीच खाली उतरली. त्यानंतर नीलम कधी माणसांसमोर उभी राहिली नाही. गणपतीत पडद्याआडून सूचना द्यायची तेवढीच. तिथं नागेंद्रनं तिला ऐकलं आणि टिळकवाडीतल्या स्टुडिओत नेलं. भिंतींना स्पंज लावलेली बंद खोली, समोर माईक, आणि बघायला कुणी नाही. नीलम बोलायला लागली तेव्हा काचेपलीकडचा रेकॉर्डिंगवाला हातातला वडापाव खायचा थांबला.

तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक राणीचा, प्रत्येक आईचा आवाज नीलमचाच. ट्रॉलीवर कोण उभं आहे याच्याशी तिला कर्तव्य नसे. आदल्या वर्षी चौक हसला तेव्हासुद्धा लोक म्हणाले होते, "बाई बोगस व्हती, पण आवाज कुणाचा रं?" त्या प्रश्नावर तिचं वर्ष निघालं.

शालूबाई ट्रॉलीवर उभी राहिली आणि तो प्रश्न पडायचाच बंद झाला.

तिचे ओठ नीलमच्या आवाजावर असे बसले, की कर्ण्यातून येणारा शब्द तिच्याच तोंडातून सुटतोय असं वाटे. नीलम वाक्याच्या मध्ये जिथं किंचित थांबली होती, तिथं शालूबाईचा गळाही हलायचा. ट्रॉलीखाली नीलम साडीच्या पिना हातात धरून उभी होती. प्रसंग संपला. गर्दीतून एक म्हातारी वाट काढत आली, खाली उतरलेल्या शालूबाईचे तिनं हात धरले.

"काय आवाज गं बाई तुझा! काळजात शिरला."

नीलमला वाटलं, आता ती आपल्याकडं बोट दाखवील.

शालूबाई म्हणाली, "व्हय आज्जी. ल्हानपणापास्नं तसाच हाय."

ती म्हातारी हे तिचं खरं बोलणं ऐकूनही फसली. मागचा बँड वाजत होता म्हणून असेल. म्हातारी डोळे पुसत निघून गेली. नीलमच्या हातातली एक पीन बोटात घुसली होती, ते तिला घरी गेल्यावर दिसलं.

दुसऱ्या दिवशी तिनं शालूबाईला मागाच्या शेडबाहेर गाठलं.

"आक्का, आवाज माझा होता."

"व्हय की."

"मग त्या आज्जींना तुम्ही..."

"अगं, डोळ्यात पाणी व्हतं म्हातारीच्या. तिला काय सांगत बसू, आवाज टिळकवाडीत डब्यात भरून आणलाय म्हणून?" शालूबाई हसली. तिनं कनवटीतली तंबाखूची पुडी काढली, पुन्हा खोचली. "आणि आवाज तुझा आसंल, तोंड माझं व्हतं न्हवं? तुला पाहिजे तर तू ऱ्हा की उभी. मी खालनं टाळ्या वाजवतो."

ती हे टोमणा म्हणून बोलली नव्हती. तिला खरोखरच ते सोपं वाटत होतं. आणि हेच नीलमला सोसलं नाही.

पुढच्या वर्षी कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं आणि ते गावभर फिरलं. गावाबाहेरही गेलं. एका सकाळी काउंटरवर चिक्कोडीकडचे रायगोंडा आप्पा आले. मुलगी इकडं दिलेली, म्हणून येणं-जाणं असायचं. त्यांनी काउंटरवर फोन ठेवला.

"मॅडम, हे बघा. तुमच्याच खासबागची हाय म्हणं ही बाई. आमच्याकडं कानडी माणसंबी ऐकाय लागल्यात. काय आवाज!"

फोनमधून नीलम बोलत होती. समोर शालूबाईचं तोंड हलत होतं.

"हो," नीलम म्हणाली. "छान आहे."

"छान काय म्हंता? असा आवाज देव एखाद्यालाच देतोय बघा."

तिनं मान खाली घालून शिक्का उचलला आणि मारला. तो उलटा बसला होता. रायगोंडा आप्पांनी तो सरळ करून मागितला तेव्हा ती त्यांच्यावर उगीचच चिडली.

हेवा ही मोठी कष्टाळू भावना आहे. ती माणसाला स्वस्थ बसू देत नाही. नीलम आता शालूबाईवर बारीक लक्ष ठेवायला लागली. ती भाजीवालीशी कशी बोलते, देवळात पुढं कशी जाऊन बसते, हळदीकुंकवात 'मला वळीखलं न्हाय काय, मी ट्रॉलीवरची आई' असं स्वतःच कसं सांगते, हे सगळं ती घरी येऊन नवऱ्याला सांगे. नवरा म्हणे, "नीलम, जेवण झालं की त्या बाईला उठव आता ताटावरनं."

मग शालूबाईनं जे मागितलं ते ऐकून नीलमची झोपच उडाली.

"अण्णा, ह्या वर्षी मला माईक दे," तालमीच्या पहिल्याच दिवशी ती नागेंद्रला म्हणाली. "मीच बोलतो."

देवळामागच्या खोलीत सगळे हसले. नागेंद्रही हसला. पण गमतीत त्यानं माईक दिला. शालूबाईनं पदर खोचला आणि बोलायला सुरुवात केली. ती शेडमध्ये पलीकडच्या मागावर 'सुताची कांडी संपली' म्हणून ओरडते, तसं ती मुलाला लढाईला जायला सांगत होती. सगळं एका पट्टीत. खोलीच्या खिडकीवरचे पारवे उडाले. पोरं लोळून हसली.

शालूबाई थांबली, तीही हसली, आणि म्हणाली, "जरा जास्त झालं काय? पुन्यांदा घ्या."

पुन्हा घेतलं. आणखी वाईट झालं. नागेंद्रनं माईक काढून घेतला. "आक्का, तुझं तोंडच बरं हाय."

"आसू दे. फुडच्या वर्साला."

नीलम कोपऱ्यात होती. तिला आत कुठंतरी गार वाटलं, आणि त्याच वेळी एक गोष्ट खटकलीही. आपल्यावर असे लोक हसले असते, तर आपण बेळगाव सोडलं असतं. ही बाई मात्र जाताना, राहिलेल्या भज्यांची पुडी बांधून घेऊन गेली.

पुढच्या वर्षी तेच. शालूबाईनं माईक मागितला, नागेंद्रनं दिला, लोक हसले, त्यानं परत घेतला. मधल्या काळात ती मागावर उभी राहून तीच वाक्यं म्हणायची. खडखडाटात ती कुणाला ऐकू जात नसत, पण समोरच्या बायका ओठ वाचायच्या आणि शब्द चुकला की मागाचा धोटा दाखवून शिव्या द्यायच्या. सगळ्या शेडला आईची वाक्यं पाठ झाली होती. आण्णाप्पा म्हणायचा, "माझ्या शेडमधल्या साड्यांवर आता रक्ताचं डाग निघतील!"

आणि एका संध्याकाळी शालूबाई नीलमच्या दारात उभी राहिली. हातात कोथिंबिरीची जुडी.

"मला शिकीव."

"काय?"

"बोलायला. तुझ्यासारखं कुणाला येतंय? मी सगळ्यास्नी सांगतो, आवाज खरा नीलमचाच म्हणून." ती हे कुणालाही सांगत नव्हती, हे दोघींनाही माहीत होतं. "नागेंद्र म्हंतोय तुझं गावठी हाय. ते काढ की माझ्यातलं."

नाही म्हणायला नीलमकडं कारण नव्हतं. सासूनं तर आतून आधीच पाट टाकला होता.

नीलमनं शिकवलं. मनापासून शिकवलं, असं कुणीही म्हटलं असतं. रोज दिव्याच्या वेळी ती शालूबाईला समोर बसवायची आणि एकेक शब्द घासून घ्यायची. 'न्हाय' नाही, 'नाही'. 'जातो' नाही, 'जाते'. आवाज खाली. आणखी खाली. इथं श्वास. इथं थांबायचं. शालूबाई घाम पुसत करायची. तिच्या तोंडून ती वाक्यं चांगली ऐकू यायला लागली, पण त्यात जीव राहिला नव्हता. दुसरीतली मुलगी पंधरा ऑगस्टला भाषण म्हणते, तशी ती आई झाली.

हे नीलमला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. शालूबाई तिची तिच्यासारखी, थोडा आवाज आवरून बोलली तर अंगावर काटा येतो, हेही तिनं एकदा ऐकलं होतं. शालूबाई उठून चप्पल घालताना सहज एक वाक्य पुटपुटली होती, तेव्हा. आत सासूच्या हातातली परात थांबली होती. नीलम मात्र म्हणाली, "आक्का, 'पोरा' म्हणताना तोंड एवढं उघडू नका. सभ्य वाटत नाही."

तालमीला नागेंद्रनं ऐकलं आणि डोकं खाजवलं. "आता चूक कायबी न्हाय. पर... न्हाय आक्का. न्हाय जमत. राहू दे."

नीलम घरी आली आणि दोन भाकरी जास्त जेवली. सासू बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारावर थाप. शालूबाईच.

"तुझं काय चुकलं न्हाय गं. माझ्याच अंगात बसंना. चल, पैल्यापास्नं."

त्या क्षणी नीलमला तिची भीती वाटली. ही बाई वाईट ठरली तरी थांबत नव्हती, हसं झालं तरी थांबत नव्हती. उद्या तिच्या हाती माईक गेला, की कर्ण्यांतून दुसराच आवाज येईल. आपण मग पतसंस्थेतली काउंटरवरची बाई, एवढंच उरेल. "मला आता वेळ नाही, आक्का," ती म्हणाली, आणि दार लावलं.

त्याच्या पुढच्या वर्षी शालूबाई नागेंद्रपुढं हटूनच बसली. "सगळं नको देऊस. शेवटचं एकच वाक्य दे. चौकात, लोकांफुडं. लोकांनी हसू दे. हसलं तर फुडच्या वर्साला मागणार न्हाय."

"हे तू दर वर्षाला म्हंतीस."

"आवंदा खरं म्हंतो."

नागेंद्र कंटाळून हो म्हणाला. पदराच्या आत बारका माईक लावायचा. बाकी बोलणं रेकॉर्डचं, म्हणजे नीलमचं. शेवटच्या वाक्याला रेकॉर्ड थांबवून माईक उघडायचा. कुठं थांबवायचं हे नेमकं कुणाला माहीत? नीलमलाच. तेव्हा ट्रॉलीच्या पडद्याआड लॅपटॉप आणि मिक्सर घेऊन नीलमनं बसायचं, असं ठरलं. नीलमनं शेवटच्या वाक्याचं रेकॉर्डिंग 'असू दे, वेळप्रसंगी' म्हणून तयार ठेवलं. नागेंद्रनं तिच्या हुशारीचं कौतुक केलं.

दिवेलागणीला ट्रॉली गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. पडद्याच्या फटीतून नीलमला शालूबाईची पाठ दिसत होती आणि तिच्या पलीकडं गर्दी. प्रसंग सुरू झाला. थोरल्याची पगडी घरी आली. धाकटा पुढं आला. आईनं त्याच्या कमरेला तलवार बांधली. आता रेकॉर्ड थांबवायचं, मिक्सरवरची माईकची कळ वर करायची.

नीलमचं बोट कळीवर होतं. तिनं ते उचललं आणि लॅपटॉपवर दाबलं.

कर्ण्यांतून नीलमचा आवाज आला, "रडायला मला अख्खा जन्म आहे, पोरा. तुला निघायला एवढी एकच घटका आहे."

शालूबाईनं बोलायला तोंड उघडलं होतं. क्षणभर, डोळ्याची पापणी लवायला लागतो तेवढाही नाही, ती अडकली. आणि मग तिचे ओठ त्या आवाजावर जाऊन बसले, दर वर्षी बसत तसे. कुणालाही काही कळलं नाही. टाळ्या पडल्या.

ट्रॅक्टर सुरू झाला. शालूबाई पडदा बाजूला करून आत वाकली. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळलं होतं.

"बटण चुकलं व्हय गं?"

नीलम तिच्याकडं बघू शकली नाही. "हो. सवयीनं."

"व्हतंय. फुडच्या चौकात बघ जरा."

एवढंच. तिला कळलं होतं की नाही, हे नीलमला अजूनही माहीत नाही. कळलं असतं आणि ती भांडली असती, तर बरं झालं असतं. दोन शिव्या दिल्या असत्या तर पुढच्या चौकातही नीलमनं तेच केलं असतं.

पुढच्या चौकात नीलमनं कळ वर केली.

आणि शालूबाईचं वाक्य फुटलं. सुरुवातच एवढ्या जोरात झाली की कर्णे किंचाळले, पुढच्या रांगेतली लहान मुलं कानावर हात ठेवून आईच्या मागं लपली. मागून कुणीतरी ओरडलं, "आगं आई, त्यो गडावर पोचला बघ तुझा आवाज ऐकून!" चौक खदखदा हसला. धाकट्याचं काम करणारा सौरवसुद्धा तोंड फिरवून हसला. पडद्याआड नीलमच्या छातीतून मोकळा श्वास बाहेर आला. हेच तिला हवं होतं. तिनं फटीतून शालूबाईच्या पाठीकडं पाहिलं. आता ती वाकेल. आता ती उतरेल.

शालूबाई आत वाकली आणि म्हणाली, "लई मोठ्यांदा झालं. तू कळ जरा खाली ठेव, मी जरा खाली बोलतो. दोघी मिळून बघू."

त्याच्या पुढच्या चौकात ती इतकी हळू बोलली की ऐकूच गेलं नाही. त्यानंतरच्या चौकात शब्द विसरली, मधलाच एक नवीन घातला. नागेंद्र ट्रॉलीच्या बाजूनं चालत कपाळ बडवत होता. "नीलम, बंद कर ते, तुझं लाव! आपला बक्षिसाचा नंबर जाईल!"

नीलमच्या हाताखाली तिचं स्वतःचं वाक्य तयार होतं. स्वच्छ, खोल, न चुकणारं. ते लावायला आता खुद्द दिग्दर्शकानंच सांगितलं होतं. कुणी तिला बोल लावला नसता.

ते तिनं का लावलं नाही, हे चांगुलपणानं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण खरं कारण हेव्याचंच होतं. तिला बघायचं होतं. एका चौकात हसं होऊन दुसऱ्या चौकात त्याच तोंडानं पुन्हा उभं राहणं हे माणसाला जमतं कसं, ते तिला बघायचं होतं. तिला स्वतःला ते कधी जमलं नव्हतं, आणि आयुष्यात तिला याहून जास्त कशाचा हेवा वाटला नव्हता. आवाजाचा नाही, टाळ्यांचा नाही, त्या म्हातारीच्या डोळ्यांतल्या पाण्याचाही नाही.

"अण्णा, राहू दे," ती पडद्यातून म्हणाली. "मी कळ सांभाळते."

बाजारातल्या चौकात ट्रॉली थांबली तेव्हा शेजारून दुसऱ्या मंडळाचा ढोल चालला होता. प्रसंग झाला. तलवार बांधून झाली. नीलमनं रेकॉर्ड थांबवलं आणि कळ वर नेली, शालूबाई श्वास घेते आहे हे तिच्या पाठीवरून ओळखून, थोडी थोडी. शालूबाई ओरडली नाही आणि कुजबुजलीही नाही. चप्पल घालताना पुटपुटली होती, तसं ती बोलली.

"रडाय मला आख्खा जल्म हाय, पोरा. तुला निघाय येवढी एकच घटका."

'पोरा' म्हणताना तिनं तोंड पूर्ण उघडलं होतं.

टाळ्या लगेच पडल्या नाहीत. सौरव खरोखरच एक पाऊल मागं सरकला, आणि तलवारीला हात लावायचा विसरला. मग गर्दीतल्या बायकांमधून हुंदका ऐकू आला. नीलमला तो अगदी स्पष्ट ऐकू आला, कारण तसा हुंदका तिच्या आवाजाला कधी आला नव्हता. तिच्या आवाजाला टाळ्या यायच्या.

तिनं कळ खाली केली. डोळे भरून आले, ते कौतुकानं नव्हे, आणि तिनं तसं नंतर कुणाला भासवलंही नाही.

शालूबाई आत वाकली. "आला व्हय गं माझा आवाज?"

"आला," नीलम म्हणाली.

"मी म्हंतच हुतो." ती जराही लाजली नाही. "किती वर्सं झाली सांगतोय, माझ्यासारखी आई आख्ख्या बेळगावात न्हाय. तुम्ही कुठं ऐकून घेताय."

पुढच्या चौकांत वाक्य दोनदा चांगलं झालं, एकदा पार फसलं. फसलं तिथं लोक हसले, आणि शालूबाईनं ट्रॉलीवरूनच त्यांच्याकडं बघून पदर सारखा केला. मंडळाचा नंबर आला नाही. नागेंद्र काही दिवस दोघींशी बोलला नाही. नंतर तो पतसंस्थेत आला, काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "नीलम, फुडच्या वर्षी आक्का सगळंच बोलतो म्हंतीया. तुझं काय करायचं?"

"कळ कोण सांभाळणार?" नीलमनं विचारलं.

"तूच की. तिला दुसरं कोण सांभाळतंय?"

"मग बघू," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. तो दिवस तिला वाईट गेला. नंतरचेही बरेच गेले. शालूबाई देवळात पुढं जाऊन बसली की नीलम अजूनही जागा बदलून मागं जाऊन बसते.

शालूबाई आता पिरनवाडीला लेकाकडं राहते. रोज सकाळी बस धरून खासबागला मागावर येते, आणि या हंगामात खानापूरकडच्या एका गावच्या जत्रेच्या नाटकात तिला आईचं काम मिळालं आहे.